घराच्या पाटीवरची सात अक्षरं

मी इंग्रजी घेऊन बी.ए. केलं. कॉम्प्युटरशी माझा संबंध टायपिंगपुरताच. तरीही गेली दोन वर्षं मी ज्या कंपनीत कंटेंट रायटर आहे, तिथे प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांसाठी लेख लिहिते. ऐकून हसू आलं ना? माझ्या आईलाही येतं. "हिला गॅसचा रेग्युलेटर लावता येत नाही आणि ही जगाला पायथन शिकवते," असं ती घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

खरं सांगायचं तर त्यात शिकवणं फारसं नव्हतंच. विषय यायचा. चार ठिकाणचं वाचायचं, वाक्यं आपल्या पद्धतीने मांडायची, खाली प्रोग्राम द्यायचा, तो एकदा चालवून बघायचा आणि लेख पाठवून द्यायचा. दिवसाला दोन लेख. प्रोग्राम चालला की माझं काम झालं. तो का चालला, हे विचारायला कोणी येत नव्हतं.

गेल्या वर्षी असाच एक विषय आला: 'स्ट्रिंगमध्ये पुन्हा पुन्हा येणारी अक्षरं कशी शोधायची'. स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची माळ. एखादं नाव, एखादं वाक्य, मोबाईल नंबरसुद्धा, कॉम्प्युटरसाठी ही सगळी एकापुढे एक ओवलेली चिन्हं. त्यातलं कुठलं चिन्ह एकापेक्षा जास्त वेळा आलंय ते शोधायचं. नवशिक्यांना हा प्रश्न हमखास देतात, नोकरीच्या मुलाखतीतही विचारतात. मी तो लेख एका दुपारीत संपवला. मराठी आवृत्तीही मीच केली. शेवटी एक वाक्य उत्साहात टाकलं: 'हा प्रोग्राम कोणत्याही भाषेतल्या शब्दावर चालतो. तुमच्या मातृभाषेतला शब्द देऊन बघा!'

त्या एका वाक्याने मला चांगलंच अडकवलं.

माझी मावशी सुरतला राहते. तिचा मुलगा तेव्हा अकरावीत होता आणि शाळेत पायथन शिकत होता. ताई यावर लेख लिहिते याचं त्याला भारी कौतुक. वर्गात छोटा प्रोजेक्ट होता, तर त्याने माझाच लेख उघडला आणि शब्द म्हणून आपल्या घराचं नाव दिलं. मावशीच्या फाटकावर संगमरवरी पाटी आहे: 'क्षितिज'.

रात्री त्याचा फोन आला. "ताई, तुझा प्रोग्राम चुकतोय. क्षितिजमध्ये अक्षरं किती?"

"तीन. क्षि, ति, ज."

"तो सात म्हणतोय. आणि एकही अक्षर दोनदा आलेलं नाही ना? हा म्हणतो, एक दोनदा आलंय. कुठलं विचारलं तर नुसती वेलांटी दाखवतो, शेजारी ठिपक्यांचं गोल."

त्या क्षणी मी 'मला माहीत नाही' म्हणू शकले असते. तीनच शब्द होते. पण तो मला लेखिका समजत होता, आणि मलाही ते आवडत होतं. मी ठोकून दिलं, "अरे, तो फाँटचा प्रॉब्लेम आहे. मराठी फाँट नीट नसला की असं होतं. तू तसं लिहून टाक."

त्याने तसं लिहिलं. वर्गासमोर वाचूनही दाखवलं. त्याच्या बाईंनी शांतपणे त्याला फाँट बदलायला सांगितला. एक बदलला, दुसरा बदलला, तिसरा बदलला. उत्तर सातच. फाँट फक्त अक्षर दिसतं कसं ते ठरवतो, मोजणीशी त्याचा संबंध नाही, असं बाईंनी सांगितलं आणि विचारलं, "हे कारण तुला कोणी दिलं?" वर्ग हसला. त्याने माझं नाव घेतलं नाही. "मीच अंदाज केला," म्हणाला.

हे मला मावशीकडून कळलं, तेही आईशी बोलताना सहज निघालं म्हणून. त्याने मला काहीच सांगितलं नाही. फक्त त्याचे फोन बंद झाले. दर रविवारी येणारा मेसेज यायचा थांबला. मी दोनदा मेसेज टाकला, उत्तर आलं, 'अभ्यास चालू आहे ताई.' रागावला असता तर बरं वाटलं असतं.

त्या शनिवारी मी माझाच लेख उघडून बसले आणि पहिल्यांदा नीट वाचला. आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. सकाळची वेळ, समोर पोह्यांची बशी आणि पलीकडच्या आरामखुर्चीत आजोबा. आजोबा एक्क्याऐंशी वर्षांचे. त्यांनी तीसेक वर्षं छापखान्यात खिळे जुळवण्याचं काम केलं. खिळे म्हणजे शिशाच्या मिश्रधातूची एकेक सुटी अक्षरं. ती एकेक उचलून पट्टीत उलटी लावायची, ओळ झाली की पुढची ओळ. पुढे ऑफसेट आलं, तो छापखाना बंद झाला, आणि आजोबा घरी बसले.

"सकाळी सकाळी कसला एवढा विचार चाललाय?" त्यांनी विचारलं.

मी कंटाळून म्हटलं, "शब्दात कुठलं अक्षर किती वेळा येतं ते मोजायचंय, आजोबा."

"त्यात शिकण्यासारखं काय आहे? आम्ही रोज तेच करायचो."

मला वाटलं थट्टा करतायत. पण ते खुर्चीत सरळ होऊन बसले. त्यांचा छापखाना मुख्यतः हिंदी कामाचा. हिंदीत ळ लागत नाही, म्हणून केसमध्ये, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीत, ळचे खिळे मोजकेच ठेवलेले. लग्नसराईत इंदूरच्या मराठी घरांच्या पत्रिका यायच्या आणि पंचाईत व्हायची. 'स्थळ', 'वेळ', 'सकाळी', 'मंगळवार' – पत्रिकेत जिकडेतिकडे ळ! अर्धी पत्रिका जुळवून झाल्यावर खिळे संपले तर सगळी मेहनत वाया. म्हणून आजोबा आधी मजकूर हातात घेऊन मोजायचे.

"कसं मोजायचात?"

"कागद एकदाच वाचायचा. पहिल्या अक्षरापासून शेवटापर्यंत. शेजारी दुसरा कागद. अक्षर नवं दिसलं की तिथे ते लिहून पुढे एक रेघ. आधीच लिहिलेलं असलं की त्याच्यापुढे आणखी एक रेघ. मजकूर संपला की रेघा बघायच्या. एकदा ळ कमी पडत होते, तर मुलीच्या वडिलांना विचारून 'वेळ'च्या जागी 'मुहूर्त' केला."

मी माझ्या लेखातला प्रोग्राम पुन्हा बघितला. तिथे नेमकं हेच होतं. पायथनमध्ये त्या शेजारच्या कागदाला डिक्शनरी म्हणतात. मी तो शब्द लेखात सहा वेळा लिहिला होता आणि तरी मला तो कळला नव्हता. आजोबांच्या भाषेत प्रोग्रामच्या पायऱ्या अशा:

१. एक कोरा कागद घ्या.
२. शब्दातलं पहिलं चिन्ह उचला.
३. ते कागदावर नसेल तर लिहा आणि पुढे १ मांडा. असेल तर त्याच्यापुढचा आकडा एकने वाढवा.
४. शब्द संपेपर्यंत पुढचं चिन्ह उचलत राहा.
५. शेवटी कागद वाचा. ज्याच्यापुढे १ पेक्षा मोठा आकडा, ते पुन्हा आलेलं.

तुम्हीही एकदा करून बघा. इंग्रजी 'प्रोग्रामिंग' या शब्दाचं स्पेलिंग घ्या: पी, आर, ओ, जी, आर, ए, एम, एम, आय, एन, जी. अकरा अक्षरं. कागदावर आर, जी आणि एम यांच्यापुढे २ येईल, बाकी सगळ्यांपुढे १. झालं, हेच उत्तर.

आजोबांनी आणखी एक गोष्ट सांगितली. छापखान्यात नवीन लागलेला एक मुलगा होता. तो पहिलं अक्षर घ्यायचा आणि ते पुढे कुठे येतं ते बघत पूर्ण मजकूर वाचायचा. मग दुसरं अक्षर घेऊन पुन्हा पुढचा सगळा मजकूर. मोजणी बरोबर यायची, पण तोवर दुपारची जेवणं व्हायची. नवशिके प्रोग्रामरही हमखास असंच करतात, एका लूपच्या पोटात दुसरा लूप. प्रत्येक अक्षराची नंतरच्या प्रत्येक अक्षराशी तुलना केली तर अकरा अक्षरांना ५५ तुलना लागतात. हे चालून जातं. पण मजकूर १००० अक्षरांचा असेल तर तुलना होतात ४,९९,५००. शेजारी कागद ठेवणाऱ्याला मात्र १००० अक्षरं एकदाच वाचावी लागतात. थोडा कागद जास्त लागतो, वेळ खूप वाचतो. मुलाखतीत हा प्रश्न का विचारतात ते मला तेव्हा कळलं. उत्तर तर दोघांचंही बरोबर येतं. माणूस त्या उत्तरापर्यंत कुठल्या वाटेने गेला, ते त्यांना बघायचं असतं.

पण माझी अडचण वेगळीच होती. मी आजोबांना विचारलं, "क्षितिजमध्ये अक्षरं किती?"

"वाचायला की जुळवायला?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. "दोन्ही सांगा."

"वाचायला तीन. जुळवायला..." त्यांचा उजवा हात हवेत हलायला लागला, जणू समोर केस आहे आणि ते खणातून खिळे उचलतायत. "वेलांटी. क्ष. परत वेलांटी. त. ज. पाच खिळे. क्षचा जोड अखंड मिळायचा, तो एकच. वेलांट्या दोन लागतील."

वेलांट्या दोन लागतील! प्रोग्रामही हेच म्हणत होता. तो चुकलेला नव्हताच.

मग मी त्या दुपारी जे शिकले ते सगळं दोन वर्षांपूर्वीच शिकायला हवं होतं. कॉम्प्युटर अक्षर ओळखत नाही, आकडे ओळखतो. जगातल्या लिपींमधल्या चिन्हांना क्रमांक देणारी जी व्यवस्था आहे, तिचं नाव युनिकोड. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली आली. त्यात देवनागरीसाठी १२८ जागांचा एक गट आहे. पायथनमध्ये 'ऑर्ड' नावाची आज्ञा दिली की कुठल्याही चिन्हाचा क्रमांक कळतो. मी 'क्षितिज' दिला आणि असं आलं: २३२५, २३८१, २३५९, २३६७, २३४०, २३६७, २३३२.

म्हणजे क, मग पाय मोडल्याची खूण, मग ष, मग वेलांटी, त, पुन्हा वेलांटी आणि ज. एकूण सात, आणि २३६७ दोनदा. तीच ती पहिली वेलांटी. आपण मुळाक्षरांच्या तक्त्यात क्ष आणि ज्ञ शिकतो, पण युनिकोडमध्ये त्यांना स्वतःचा क्रमांकच नाही. क्ष हा क, मोडलेला पाय आणि ष अशा तीन चिन्हांनी बनतो. आणि नुसती वेलांटी पडद्यावर दाखवायची वेळ आली की तिला टेकायला अक्षर नसतं, म्हणून शेजारी ठिपक्यांचं ते रिकामं गोल दिसतं.

आणखी एक गंमत दिसली. आजोबा वेलांटी आधी लावायचे, कारण कागदावर ती अक्षराच्या डावीकडे दिसते. कॉम्प्युटर ती अक्षरानंतर साठवतो, कारण आपण तसं बोलतो: आधी क्ष, मग इ. आजोबांना हे फार आवडलं. "म्हणजे आम्ही दिसतं तसं जुळवायचो आणि हे यंत्र बोलतं तसं," म्हणाले.

मग मी इंग्रजी स्पेलिंग लिहून बघितलं. के, एस, एच, आय, टी, आय, जे. तिथेही सात अक्षरं आणि तिथेही 'आय' दोनदा. आकडा सारखा आला तो योगायोग, पण इंग्रजीत 'आय' जे काम करतो तेच इथे वेलांटी करतेय. इंग्रजीतला 'आय' मी डोळे झाकून मोजला असता. वेलांटीला मात्र मी कधी अक्षर धरलंच नव्हतं.

तेव्हा, नव्याने शिकणाऱ्या कोणालाही माझं एवढंच सांगणं आहे. मोजायला सुरुवात करण्यापूर्वी काय मोजायचं ते ठरवा. मोठं 'ए' आणि लहान 'ए' एकच धरायचे का? कॉम्प्युटर त्यांना वेगळं धरतो, एकाचा क्रमांक ६५ आणि दुसऱ्याचा ९७. शब्दांमधली मोकळी जागा मोजायची का? तीही त्याच्या लेखी एक चिन्हच आहे, आणि वाक्य दिलंत तर सगळ्यात जास्त वेळा बहुधा तीच येईल. पुन्हा आलेली सगळी अक्षरं हवीत, की सर्वात आधी पुन्हा आलेलं एकच? एकच हवं असेल तर आकडे मांडायचीही गरज नाही. आतापर्यंत दिसलेल्या अक्षरांची यादी ठेवायची, आणि यादीतलं अक्षर पुन्हा दिसलं की थांबायचं. 'प्रोग्रामिंग'मध्ये पाचव्या जागेवरच आर सापडेल आणि काम संपेल.

आणि शब्द मराठी असेल तर हे ठरवा की तुम्हाला चिन्हं मोजायची आहेत की वाचताना दिसणारी अक्षरं. क्षि हे एकच अक्षर धरायचं असेल तर शब्दाचे तुकडे त्या हिशेबाने पाडावे लागतात. त्यासाठीही युनिकोडचे नियम आहेत. देवनागरीचं जोडाक्षर एकत्र धरण्याचा नियम त्यात २०२३ सालच्या १५.१ या आवृत्तीत आला. त्यामुळे जुन्या साधनांनी तुकडे पाडले तर क् वेगळा आणि षि वेगळा पडलेला दिसू शकतो. मोजण्याची पद्धत मात्र बदलत नाही, तोच कागद आणि त्याच रेघा.

संध्याकाळी मी मावसभावाला फोन केला. चार रिंग झाल्या, पाचवीला उचलला.

"तुझ्या प्रोजेक्टबद्दल बोलायचंय," मी म्हटलं. "त्या दिवशी मला उत्तर येत नव्हतं. मी फाँटचं तुला खोटं सांगितलं."

तिकडे बराच वेळ काहीच नाही. मग तो म्हणाला, "मला तेव्हाच वाटलं होतं, ताई. तू फार पटकन उत्तर दिलंस."

"मग तरी तू तेच लिहिलंस?"

"तू सांगितलंस म्हणून."

हे ऐकून मला काय वाटलं ते मी लिहीत नाही. मी त्याला सॉरी म्हटलं, आणि मग पाच खिळे आणि सात आकडे समजावून सांगितले. आजोबांचा पाच हा आकडा त्याला माहीत नव्हता. "थांब, परत सांग," म्हणत त्याने वही आणली. मग मी फोन आजोबांकडे दिला आणि दोघं अर्धा तास बोलत बसले. सोमवारी त्याने बाईंची परवानगी मागून वर्गात पुन्हा पाच मिनिटं घेतली. फळ्यावर एकाखाली एक तीन आकडे लिहिले: वाचणाऱ्याचे तीन, जुळवणाऱ्याचे पाच, यंत्राचे सात. गुजराती मुलांनी लगेच आपापल्या भाषेतले शब्द घालून बघितले. त्यांनाही असेच धक्के बसले म्हणे.

ऑफिसमध्ये मी तो लेख दुरुस्त करायला मागितला. टीम लीड म्हणाली, "चांगला वाचला जातोय, कशाला हात लावतेस? इतक्या बारकाईने कोण बघतं?" मी म्हटलं, "एकाने बघितलं होतं." तिने खांदे उडवले, पण परवानगी दिली. ते उत्साही वाक्य मी काढलं नाही. त्याखाली क्षितिजचं उदाहरण घातलं आणि सात का येतात ते लिहिलं. आता दिवसाला दोन लेख होत नाहीत, दीडच होतो. त्यावरून बोलणीही खाल्ली आहेत. पण प्रोग्राम आता मी आधी कागदावर रेघा मारून सोडवते आणि मगच लिहिते. अडलं तर सुरतला फोन करते. रविवारचे मेसेजही पुन्हा सुरू झालेत. त्यात बहुतेक वेळा माझ्या लेखातल्या चुका असतात.

परवा रात्री आजोबांना औषध द्यायला गेले, तर त्यांनी विचारलं, "काय गं, त्या तुमच्या यंत्रात ळला नंबर आहे का?"

"आहे ना. २३५५."

"हवे तेवढे मिळतात?"

"हवे तेवढे."

"बरं झालं," ते म्हणाले आणि कुशीवर वळून झोपले.